आठवणींचा सातबारा

माझा धाकटा भाऊ अठ्ठावीस वर्षे दुबईत काढून २०२१ साली चलथाणला कायमचा परत आला. परतल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एरवी पहाटे उठणारा हा माणूस त्या दिवशी उशिरा उठला, डोक्यावरून न्हाला, इस्त्रीचा सदरा चढवला, अत्तराचे बोट कानामागे लावले आणि ओट्यावर येऊन बसला. कुठे निघालास, म्हणून विचारले तर गोंधळला. कुठेच निघालेला नव्हता. शुक्रवार होता, एवढेच. तो ज्या कापडाच्या दुकानात होता त्याला शुक्रवारी दुपारपर्यंत सुट्टी असे. त्या अर्ध्या दिवसात आठवडाभराचे जगणे उरकायचे: खाडीकाठच्या शिवमंदिरात दर्शन, अब्य्रातून एक दिरहम देऊन पैलतीरी देऱ्याला फेरी, ओळखीच्या खानावळीत जेवण, घरी फोन. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की चलथाणच्या ओट्यावरही ती शुक्रवारी आपोआप जागी होत असे. गंमत अशी, की तो आल्यावर सहा-सात महिन्यांतच, जानेवारी २०२२ पासून, त्या देशाने आपली सरकारी सुट्टी शनिवार-रविवारवर नेली आणि शुक्रवार अर्ध्या कामाचा केला. म्हणजे धाकटा ज्या शुक्रवारसाठी सदरा घालून बसतो, तो पूर्वीचा शुक्रवार आता दुबईतही राहिलेला नाही.

सुरुवातीला मला याची चीड येई. मोकळेपणाने लिहितो. मास्तर माणूस, तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झालेला, तेव्हा प्रत्येक गोष्टीत योग्य काय नि अयोग्य काय हे पाहण्याची खोड आहे. मला वाटे, या माणसाला त्या शहराची हुरहूर वाटण्याचे कारणच काय? अठ्ठावीस वर्षांत ते शहर एक दिवसही त्याचे झाले नाही. व्हिसा नोकरीला बांधलेला, दर दोन-तीन वर्षांनी नवा करायचा. नोकरी संपली की देश सोडायचा. नागरिकत्व नाही, मत नाही, नावावर हातभर जमीन नाही. पहिली अनेक वर्षे त्याने खोलीसुद्धा भाड्याने घेतली नव्हती. पलंगापुरती जागा घेतली होती. तिला तिकडे ‘बेड-स्पेस’ म्हणतात. एका खोलीत आठ माणसे, दुमजली लोखंडी पलंग, भोवती जुन्या साडीचा पडदा. पडद्याच्या आत तुमचे घर, बाहेर दुसऱ्याचे. शेवटी कायद्याप्रमाणे हिशेब झाला: पहिल्या पाच वर्षांना वर्षामागे एकवीस दिवसांचा मूळ पगार, पुढच्या वर्षांना तीस दिवसांचा. पैसे मिळाले, सही झाली. देणे-घेणे संपले. मग हे मागे उरले काय?

मराठीत आपण याला ‘स्मरणरंजन’ म्हणतो. शब्द मला पुरता पटत नाही. त्यात ‘रंजन’ फार आहे. युरोपात १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात ग्रीक भाषेतील घरी परतणे आणि वेदना हे दोन शब्द जोडून ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव बनवले, तेव्हा तो एक रोग म्हणूनच सांगितला होता. घरापासून दूर राहणाऱ्यांना जडणारा रोग, आणि त्यावर उतारा म्हणजे घरी पाठवणे. पण होफरच्या प्रबंधात माझ्या भावाची केस बसत नाही. हा तर घरी आला आहे आणि घरी आल्यावरच आजारी पडला आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये मी एकदा त्याच्याकडे आठ दिवस गेलो होतो. शाळेचा माणूस परदेशी गेला की पाहण्यासारख्या गोष्टींची यादी करून जातो. माझ्या यादीत आठशे अठ्ठावीस मीटरचा बुर्ज खलिफा होता, २००९ साली सुरू झालेली मेट्रो होती. ते सगळे मी पाहिले, पण धाकट्याने मला जे दाखवले ते निराळेच होते. मीना बाजारच्या गल्लीत उभा राहून तो म्हणे, “इथं कॅसेटवाला होता.” करामा भागात नेऊन, “इथं आम्ही राहायचो. ती बिल्डिंग पाडली.” शेख झायेद रस्त्यावर एकोणचाळीस मजली ट्रेड सेंटर दाखवून, “भाऊ, मी आलो तेव्हा याच्यापुढं वाळूच जास्त.” ती इमारत १९७९ सालची, तिकडच्या शंभराच्या जुन्या नोटेवर तिचे चित्र आहे. आता तिच्यापुढच्या मनोऱ्यांत ती एखाद्या धाकट्या वर्गातल्या मुलासारखी दिसते. १९९५ च्या शिरगणतीत दुबईची वस्ती सात लाखांच्या आत होती, आज ती पस्तीस लाखांच्या वर गेली आहे. आठ दिवस मी भावाबरोबर त्या गर्दीतून हिंडलो आणि जे नाही तेच पाहून आलो.

एका संध्याकाळी त्याच्या दुकानात एक वृद्ध अरब गृहस्थ आले. जुने गिऱ्हाईक. दुकानात आमच्याकडचे, सुरतेचे कापड विकले जाते आणि त्या वयाचे तिथले लोक हिंदी छान बोलतात. त्यांनी लहानपणी भारतीय रुपयेच हाताळले होते. १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या, आणि १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा दुबईने रुपया सोडला. आपली पहिली सायकल रुपये मोजून घेतली, असे ते सांगत होते. धाकटा सवयीप्रमाणे म्हणाला, “जुनी दुबई काही और होती, चाचा.” म्हातारा हसला. त्याने सांगितले ते असे: आमचे घर खजुरीच्या झावळ्यांचे होते, वीज नव्हती, पाणी गाढवावरून डब्यातून येई, दोन भावंडे माझ्यासमोर तापाने गेली. तुम्हांला जुनी दुबई आवडते, कारण तिच्यात तुम्हांला उन्हाळा काढावा लागला नाही. तुम्ही आलात तेव्हा एसी आलेला होता.

धाकटा गप्प झाला. मीही झालो, पण माझे कारण वेगळे होते. मला चलथाणचे घर आठवले.

आबांनी बांधलेले आमचे घर कौलारू. पुढे ओटा, दारात कडुनिंब, मागे परस आणि परसाच्या टोकाला संडास. १९९३ साली, आबांच्या आजारपणाचे कर्ज डोक्यावर होते म्हणून, धाकटा एकविसाव्या वर्षी दुबईला गेला. तीनच वर्षांपूर्वी, १९९० मध्ये, इराकने कुवेत घेतले होते आणि लाखावर भारतीय अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी परत आणावे लागले होते. मायला ते सगळे पाठ होते. तिने त्याला देवाच्या भरवशावर सोडले. तेव्हा एका दिरहमला सुमारे साडेआठ रुपये मिळत. फोन महाग. म्हणून गावाकडे येणाऱ्या माणसाबरोबर तो कॅसेट भरून पाठवी. आम्ही टेपरेकॉर्डरभोवती बसून त्याचा आवाज ऐकायचो आणि मागच्या बाजूला आमचे बोलणे भरून पाठवायचो. प्रत्येक कॅसेटमध्ये तो घराची चौकशी करी. निंब आहे ना? ओट्याचा कोपरा फुटला होता, तो तसाच आहे ना? कौलांना हात लावू नका, भाऊ. मला पडद्याआड डोळे मिटल्यावर ते घर दिसले पाहिजे.

संस्कृतचा तास घेताना मी मुलांना ‘मेघदूत’ सांगत असे. त्यातला यक्ष मेघाला आपले घर ओळखण्याच्या खुणा सांगतो: तोरण, दारचा मंदार, पाचूच्या पायऱ्यांची विहीर, मोराची काठी. पत्नी उंबऱ्यावर फुले मांडून उरलेले दिवस मोजत असेल, असेही तो सांगतो. वर्षभर दूर असलेल्या त्या यक्षाला एकदाही शंका येत नाही की तिने विहिरीच्या पायऱ्या दुरुस्त केल्या असतील, की मंदाराची मुळे भिंतीत शिरली म्हणून तो तोडला असेल. वर्गात ही गोष्ट मी कधी बोललो नाही. पण घरी आमच्यावर ती वेळ आली होती.

२००४ साली मी गवंड्याकडून अंदाज काढून आणला होता. स्लॅब घालायचा, संडास-न्हाणीघर घरात घ्यायचे, पायऱ्या काढून टाकायच्या. मायचे गुडघे तेव्हाच दुखत होते. धाकट्याला फोन केला. तो क्षणभर बोलला नाही, मग म्हणाला, “मी येईपर्यंत थांब ना भाऊ. सगळं बदललं तर मी येऊ कुठं?” मायने ऐकले आणि म्हणाली, “ऱ्हाऊ दे. त्याना जीवले बरं वाटस.” त्याच्या जिवाला बरे वाटते ना, मग राहू दे. राहिले. आणखी चार पावसाळे आम्ही गळक्या कौलांखाली पातेली मांडली. २००८ च्या पावसाळ्यात, रात्री परसात जाताना, सत्तर वर्षांची माय शेवाळावरून घसरली. खुब्याचे हाड मोडले. पुढची तीन वर्षे ती खाटेवर होती. २०११ मध्ये गेली, तेव्हा धाकटा चार दिवसांच्या रजेवर येऊन गेला. निंबाखाली बसून रडला. मला त्याच्या रडण्याचाही राग आला होता.

दुबईच्या त्या दुकानात, म्हाताऱ्याचे बोलणे ऐकताना, हा सगळा राग एकदम वर आला. बोललो मात्र नाही. बोलायला हवे होते, ते धाकटा परत आल्यावर एका शुक्रवारी बोललो. सदरा घालून बसला होता. मी म्हणालो, “तुझ्या आठवणी सांभाळायला म्हणून मायचा पाय मोडला.” तो इतकेच म्हणाला, “पैसे मी पाठवले होते, भाऊ. तुझाही पगार होता. मी नको म्हणालो. तू ऐकलंस का?”

या प्रश्नाचे उत्तर मला माहीत होते, फक्त ते आजवर कोणाला दिले नव्हते. २००४ साली फोन ठेवला तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले होते. दोन मुलांची शिक्षणे, डोक्यावर सोसायटीचे कर्ज, आणि बांधकाम काढले की घरादाराचे चार महिने हाल. धाकट्याची हुरहूर मला सोयीची होती. तिच्या नावावर मी माझी कुचराई जमा केली. दूर बसलेल्या माणसाच्या आठवणी घरातल्या माणसाला बांधून ठेवतात, हे खरे. पण गाठ बहुधा घरातलाच मारतो.

आबांचे वेगळे होते. त्यांचे गाव निझरच्या बाजूचे, जुन्या पश्चिम खानदेशातले. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली आणि त्या पट्ट्यातली काही गावे गुजरातेत आली. आबा म्हणत, मी जागचा हललो नाही, पण माझा जिल्हा हलला. मग उकाई धरण झाले, १९७२ च्या सुमारास पाणी चढले आणि गावही गेले. मला कडेवर घेऊन ते चलथाणला आले आणि पुढे साखर कारखान्यात हंगामी कामाला लागले. त्यांनाही आठवण येई. पण पाण्याखालचे गाव कोणाला ‘तसेच ठेवा’ म्हणून सांगायचे? त्यांच्या आठवणीने कोणाचे काही अडले नाही. ताप्तीलाइनच्या गाडीत ते नेहमी उजवी-डावी खिडकी पाहून बसत, आणि सोनगडच्या पुढे गेले की बोलणे बंद करत. एवढाच त्यांचा पसारा.

धाकट्याच्या आठवणींत मात्र मला आणखी एक खोट दिसे. त्या फार निवडलेल्या असत. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग झाला तेव्हा आखाती देशांनी भारतातून येणारी विमाने काही काळ थांबवली होती. धाकट्याच्या खोलीतल्या लोकांनी त्याचा पलंग दाराबाहेर, व्हरांड्यात काढला. वर्षभरात तो सुरतेला आलेलाही नव्हता. पण पासपोर्टावर जिल्हा सुरत. तो पासपोर्टही मालकाच्या कपाटात. पंधरा दिवस तो व्हरांड्यात झोपला. हे त्याने त्या वेळी कॅसेटमध्ये रडत सांगितले होते. आता त्याला विचारले तर म्हणतो, “हो, झालं होतं तसं काहीतरी.” खाडीवरचा वारा मात्र त्याला वारासकट, वेळेसकट आठवतो. मी वाद घालत असे: आठवायचे तर सगळे आठव. पानांतले फक्त जमेचे रकाने वाचणारा कारकून आम्ही शाळेत ठेवत नाही.

हे वाद एका बाईने थांबवले. तिला ते ठाऊकही नाही.

चलथाणला गळिताचा हंगाम लागला की डांगातून, नंदुरबार-धुळ्याकडून ऊसतोड मजूर येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत राबायचे. शेताच्या कडेला पालांचा पडाव पडतो. आमच्या लहानपणी उसाच्या बैलगाड्यांची रांग लागे आणि मळीचा वास सगळ्या गावावर पसरे. आता त्या शेतांपैकी बरीचशी प्रोसेस हाऊस, गोदामे आणि सोसायट्यांखाली गेली. कडोदऱ्याचे पूल, रात्रभर ट्रक. दोन-तीन वर्षांपूर्वी अशाच एका हंगामात नंदुरबारकडची एक म्हातारी नातीला चार महिने शाळेत बसवा म्हणून माझ्याकडे आली. फॉर्मवर पत्ता लिहायचा होता. पडाव कुठे, विचारले. म्हणाली, या वर्षी लांब पडला आहे. दरवर्षी चिंचेखाली असायचा, तिथे आता गोदाम झाले. आणि मग, माझ्याकडे न पाहता, “आमची चिंच तोडली, गुरुजी. थोरला तिच्याच खाली झाला होता.”

आमची चिंच. जमीन शेतकऱ्याची, झाड शेतकऱ्याचे, विकण्याचा हक्क त्याचा, आणि वीस-पंचवीस वर्षे हंगामापुरती येणारी ही बाई त्या झाडाला आमची म्हणत होती. मी ते झाड जाता-येता पाहिले असेन. ते तोडल्याचे मला कळलेही नव्हते, आणि मी चलथाणचा रहिवासी, मतदार, घरमालक.

पत्त्याच्या रकान्यात काय लिहावे हे मला काही वेळ सुचेना. आपण आखाताला नावे ठेवतो: राबवून घेतात, आपले म्हणत नाहीत, काम झाले की परत पाठवतात. पण चलथाण हे या बाईचे दुबईच होते. तिचा व्हिसा सहा महिन्यांचा, तिची बेड-स्पेस म्हणजे पाल. आम्ही गावकऱ्यांनी कधी तिला विचारले नाही की तुझे इथे काय आहे. विचारले असते तर ती चिंच म्हणाली असती.

आपल्या सीमाभागातल्या वाचकांना सातबारा समजावून सांगायला नको. महाराष्ट्रात असो की गुजरातेत, त्याच्यावाचून आपले चालत नाही. त्यात कब्जेदाराचे नाव असते, आणि शेजारी इतर हक्कांचा रकाना असतो. कोणाची वहिवाट, कोणाचे कर्ज, कोणाच्या पाटाचे पाणी. त्या रकान्यात नाव आहे म्हणून कोणी मालक होत नाही. पण त्याचे तिथे काहीच नाही, असेही म्हणता येत नाही. धाकट्याच्या दुबईला, या बाईच्या चिंचेला मी आता त्या रकान्यात धरतो. ज्याने एखाद्या जागी अठ्ठावीस वर्षे पाय झिजवले, त्याला ती गेल्याचे दुःख करण्याचा हक्क आहे. त्यासाठी त्याला तिथल्या सरकारचा कागद लागत नाही. ती तशीच ठेवा म्हणण्याचा हक्क मात्र त्याला नाही. झावळ्यांच्या घरात भावंडे गमावलेल्या त्या म्हाताऱ्याने काय बांधावे, हे तोच ठरवील. आणि परसात घसरणाऱ्या मायने काय बांधून घ्यावे, हे मायला विचारायला हवे होते. आम्ही दोघांनीही विचारले नाही. जमेचे रकाने वाचणारा कारकून मीही होतोच.

जानेवारी २०२४ मध्ये बर दुबईच्या खाडीकाठचे ते जुने शिवमंदिर बंद झाले आणि देव जबल अलीच्या नव्या, प्रशस्त मंदिरात गेले. धाकट्याला मित्राने फोनवर सांगितले. मला वाटले, आता हा आठवडाभर खिन्न बसेल. त्याने विचारले, “नव्या मंदिरात म्हाताऱ्यांना जिने चढावे लागतात का?” जुन्या ठिकाणी अरुंद गल्ली होती, जिना होता, सणाला तासन्‌तास उन्हात रांग असे, हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले. फुलवाल्यांच्या गजऱ्यांचा वास सांगायलाही विसरला नाही.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होतो. घराचा विषय गेल्या उन्हाळ्यात पुन्हा निघाला, आणि या वेळी पाडू या असे म्हणणारा धाकटा होता. मीच आठ दिवस टाळाटाळ केली. मायची खाट जिथे होती त्या भिंतीवर तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे. मग एका शुक्रवारी तो सदरा घालून, हातात टेप घेऊन परसात उतरला आणि मला दुसरे टोक धरायला लावले. त्याने कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नकाशा काढला आहे. खाली दोन खोल्या, आणि मागच्या खोलीला लागूनच संडास-न्हाणीघर. उंबरा नाही, पायरी नाही, भिंतीला धरायला दांडा. निंब भिंतीच्या रेषेत येतो. त्यावर त्याने पेन्सिलीने गोल काढून ठेवला आहे, फुली मारलेली नाही.

“हा दांडा कोणासाठी?” मी विचारले.

“तुला सत्तावन्नावं लागलं, भाऊ,” तो म्हणाला. “टेप नीट धर.”